केसांतले धातू: साक्ष किती खरी, किती खर्चाची

माणसाच्या डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कातडीखाली मुळाशी तो घडत असतो तेवढ्या दिवसांपुरताच त्याचा रक्ताशी संबंध असतो; कातडीबाहेर आला की तो संबंध तुटतो. घडण्याच्या त्या दिवसांत रक्तातून जे वाहत असेल त्यातले थोडे केसात अडकते आणि केसाबरोबर वर सरकत जाते. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यात गंधक भरपूर असते, आणि पारा, शिसे, आर्सेनिक म्हणजे जुना सोमल, ही द्रव्ये गंधकाला घट्ट धरून बसतात. केसावरून शरीरातल्या धातूंचा अंदाज बांधायची सगळी कल्पना एवढ्याच पायावर उभी आहे. पाया पक्का आहे. मात्र प्रत्येक धातूच्या बाबतीत त्यावर सारखेच वजन टाकता येत नाही, आणि तपासणीचे अहवाल वाचताना नेमके हेच विसरले जाते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आज पश्चिमेला घुग्घुस, माजरी, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. चंद्रपूर शहराला खेटून दुर्गापूरला २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरचा आकडा ८३.८८ आला आणि शहर देशात चौथ्या क्रमांकावर गेले. पूर्वेला, जंगलाच्या आत, एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आणि त्याच्या ट्रकांची लाल धूळ रस्त्याकडेच्या घरांवर बसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला आपल्या आणि आपल्या पोरांच्या अंगात काय काय जात असेल, असा प्रश्न पडला तर तो अगदी रास्त आहे.

उत्तर म्हणून केस पुढे येतो, त्यालाही कारण आहे. केस देताना सुई टोचावी लागत नाही. नमुना थंड ठेवावा लागत नाही, नासत नाही, कागदी पाकिटात महिनोन् महिने राहतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो; तिथून रक्ताची नळी बर्फात ठेवून नागपूरला वेळेत पोचवणे किती अवघड असते हे तिथल्या आरोग्यसेविकेला विचारावे. केस पूर उतरल्यावर टपालाने गेला तरी बिघडत नाही. केसाचा हा गुण खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही.

केसाची साक्ष सर्वांत भरवशाची ठरते ती पाऱ्याच्या एका रूपाबाबत. कोळशात अत्यल्प पारा असतो. कोळसा जळला की तो धुरातून आणि राखेतून बाहेर पडतो आणि पाण्यात उतरतो. तळ्याच्या किंवा नदीच्या गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल-पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान मासोळीत, तिथून मरळीसारख्या शिकारी माशात साठत जातो आणि शेवटी मासे खाणाऱ्या माणसात येतो. मिथाइल-पारा केसात रक्ताच्या सुमारे २५० पट दाट होऊन बसतो, आणि हे प्रमाण जगभरच्या अनेक अभ्यासांत साधारण तेवढेच भरले आहे. एक लिटर रक्तात ४ मायक्रोग्रॅम पारा असेल तर एक ग्रॅम केसात सुमारे १ मायक्रोग्रॅम सापडतो. इतका सरळ हिशेब दुसऱ्या कोणत्याही धातूला लागू पडत नाही.

या हिशेबाची सर्वांत कठोर परीक्षा इराकमध्ये झाली. १९७१-७२च्या हिवाळ्यात पेरणीसाठी आलेला, मिथाइल-पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेला गहू लोकांनी दळून भाकरीसाठी वापरला. ६,५३० रुग्ण इस्पितळात दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले. नंतर संशोधकांनी बायकांचे लांब केस मुळापासून टोकापर्यंत सेंटिमीटर-सेंटिमीटर कापून तपासले. कुठल्या महिन्यात ते पीठ घरात आले, पारा कधी चढला, कधी उतरला, हे त्या तुकड्यांवरून वाचता आले. गरोदर बाईच्या केसातल्या चढाचा आणि तिच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला झालेल्या इजेचा संबंधही तिथेच दिसला. केसाची तुलना दिनदर्शिकेशी केली जाते ती या अर्थाने: बारा सेंटिमीटरची वेणी म्हणजे अंदाजे मागचे एक वर्ष.

म्हणून कोळशाच्या पट्ट्यात पाऱ्याचा प्रश्न विचारायचा असेल तर केस हे योग्य साधन आहे. कोळसा आणि वीज केंद्रांच्याच दुसऱ्या मोठ्या पट्ट्यात, उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१२ मध्ये रहिवाशांचे रक्त, केस आणि नखे पाऱ्यासाठी तपासली होती. चंद्रपूर जिल्ह्यात असा शोध घ्यायचा झाला तर सुरुवात नदीकाठच्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांपासून व्हावी, कारण मासे वारंवार त्यांच्याच ताटात असतात. वीज केंद्राच्या भिंतीला लागून राहणारा पण मासे न खाणारा माणूस कदाचित कमी भरेल, आणि वीस कोस दूरची कोळीण जास्त. मात्र वाफेतून किंवा क्षारांतून येणारा अकार्बनी पारा केसात नीट उतरत नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते. ‘केसात पारा नाही’ या वाक्याचा अर्थ ‘मिथाइल-पारा नाही’ एवढाच घ्यायचा असतो.

सोमलाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि त्याचे उदाहरण गडचिरोलीच्या शेजारीच आहे. जिल्ह्याच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडमधल्या अंबागढ चौकी भागात, कौडीकसा आणि आसपासच्या गावांतल्या विहिरी व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. ते कोण्या कारखान्यातून आलेले नव्हते, तिथल्या प्राचीन खडकांतून आलेले होते. तेव्हा तो भाग मध्य प्रदेशच्या राजनांदगाव जिल्ह्यात होता. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही माहिती शास्त्रीय नियतकालिकात मांडली. बंगालमधल्या आर्सेनिकग्रस्त गावांत त्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली रीत इथेही वापरली: आधी पाणी, मग माणसांच्या कातडीवरचे डाग आणि तळहातावरचे खडबडीत फोड, आणि त्यांच्या जोडीला केस, नखे, लघवी. हा क्रम महत्त्वाचा आहे. केसावरून त्यांनी गाव शोधले नाही. पाण्यावरून शोधले आणि केसाने त्याला दुजोरा दिला.

असे करण्यामागे ठोस कारण होते. कौडीकसाची बाई ज्या हातपंपाचे पाणी पिते त्याच पाण्याने डोके धुते. पाण्यातले आर्सेनिक बाहेरून केसाला चिकटते आणि त्याच गंधकाला धरून बसते. पोटातून आलेले कोणते आणि न्हाणीघरात लागलेले कोणते, हे प्रयोगशाळेतली कोणतीही धुलाई वेगळे करू शकत नाही. गावात आर्सेनिक आहे की नाही हे दहा-वीस जणांचे केस एकत्र पाहून कळते. एकट्या माणसाच्या शरीरात किती गेले हे सांगायला लघवीच बरी. साधारणपणे केसात ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असणे धोक्याचे मानतात, पण पाण्याचा अहवाल शेजारी नसेल तर तो आकडा अर्धवट राहतो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. ते पाणी तपासणे एका केसाच्या तपासणीहून स्वस्त पडते, आणि एका हातपंपाचा निकाल त्यावर पाणी भरणाऱ्या सगळ्या घरांना लागू होतो.

बाहेरून चिकटणे हीच केस-तपासणीची सर्वांत जुनी आणि न सुटलेली अडचण आहे. समजा, सुरजागडच्या वाटेवरच्या गावातली एक बाई आहे. दिवसभर रस्त्याकडेच्या शेतात काम, केसांना मोहाच्या बियांचे तेल, तेलावर बसलेली तांबडी धूळ, आणि आठवड्यातून एकदा लोह जास्त असलेल्या हातपंपाच्या पाण्याने न्हाणे. तिचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅम आहे, चार पावले चालली की धाप लागते. तिच्या केसाचा अहवाल आला तर त्यात लोह ‘जास्त’ लिहिलेले असू शकते. यंत्र खोटे बोलत नाही, केसात लोह खरेच आहे. पण ते डोंगराचे आहे, तिचे नाही. रक्तातले लोह केसावरून ओळखता येत नाही, हे इतके स्पष्ट असूनही लोहाचा स्तंभ जवळपास प्रत्येक व्यापारी अहवालात असतो.

हेच कोळसा-डेपोवर काम करणाऱ्याच्या केसातल्या मँगनीज आणि ॲल्युमिनियमला लागू आहे. भांगात भरलेला खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, त्यामुळे तिथल्या केसात शिसे सापडायचेच. कोंड्यासाठीच्या शाम्पूत जस्ताचे किंवा सेलेनियमचे संयुग असते, आणि काही कलपांत शिशाचे क्षार असतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नमुना ॲसिटोन, मग तीनदा पाणी, मग पुन्हा ॲसिटोन असा धुवावा अशी रीत सुचवली. ती उपयोगी आहे, पण तिच्यातही पेच आहे. हलके धुतले तर धूळ राहते, जास्त धुतले तर केसाच्या आतले खरे द्रव्यही निघून जाते. सोडियम, पोटॅशियम तर पाण्यानेच सुटतात. तरीही अनेक अहवाल याच दोघांच्या गुणोत्तरावरून माणसाचा थकवा, स्वभाव आणि ‘ताण’ सांगतात. त्या वाचनाला वैद्यकीय आधार नाही.

पोषणाच्या खनिजांत जस्ताचा इतिहास सर्वांत बोलका आहे. अमेरिकेत डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ मायकेल हॅम्बिज यांना १९७२ मध्ये काही मुलांच्या केसात जस्त फार कमी आढळले. त्या मुलांची भूक मंद होती, वाढ खुंटली होती, आणि जस्त दिल्यावर ती सुधारली. केस-तपासणीचे समर्थक आजही हा दाखला देतात. पण त्याच हॅम्बिज यांनी १९८२ मध्ये लेख लिहून बजावले की जीवनसत्त्वांसाठी केस निरुपयोगी आहे आणि खनिजांसाठी त्याचा उपयोग अगदी मर्यादित आहे. कारण कुपोषण तीव्र झाले की केसाची वाढच मंदावते. वाढ कमी, म्हणून थोडे जस्तही दाट दिसते. धानोरा किंवा भामरागडच्या एखाद्या मुलाचे केस तांबूस, विरळ, बोटांनी सहज उपटतील असे झाले असतील तर त्याचा केस-अहवाल सर्वांत चांगला दिसण्याची शक्यता असते, नेमका तेव्हाच जेव्हा तो मुलगा सर्वांत धोक्यात असतो. त्या मुलासाठी दंडाचा घेर मोजायची पट्टी आणि वजनकाटा ही साधने आहेत. केसाच्या कॅल्शियमवरूनही हाडांचे काही कळत नाही.

दोन्ही जिल्ह्यांत ज्या आजारांनी माणसे खरोखर खंगतात, त्यांतल्या बहुतेकांबाबत केस मुका आहे. गडचिरोलीत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे हे डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकातच दाखवून दिले. सिकलसेल ओळखायला रक्ताचा एक थेंब, सोल्युबिलिटी चाचणी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. इथे केस-अहवालाचा दुहेरी धोका आहे. ‘लोह कमी’ असा शेरा वाचून सिकलसेलचा रुग्ण स्वतःच लोहाच्या गोळ्या सुरू करू शकतो. आणि ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. फ्लोराइडचे तर आणखी सरळ आहे. केसातल्या धातूंसाठी वापरले जाणारे यंत्र फ्लोराइड मोजतच नाही. चाळीस मूलद्रव्यांचा रंगीत तक्ता हातात येतो आणि ज्याने गावातल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले, म्हाताऱ्यांची पाठ वाकेना, ते द्रव्य त्या तक्त्यात नसतेच. फ्लोराइड पाण्यात शोधावे लागते; लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तिथे १.५.

यंत्रांबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आयसीपी-एमएस हे यंत्र अब्जात काही भाग इतके सूक्ष्म मोजते, आणि चांगल्या हातात ते अत्यंत अचूक असते. दोष यंत्राचा नसतो. नमुना कुठून घेतला, कसा धुतला, आकडा कशाशी ताडला, यांत असतो. अमेरिकेत स्टीफन बॅरेट यांनी १९८५ मध्ये दोन निरोगी मुलींचे केस १३ व्यापारी प्रयोगशाळांना पाठवले. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, काही ठिकाणी तर एकाच मुलीचे दोन नमुनेही आपापसात जुळले नाहीत. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातल्या संशोधकांनी एकाच निरोगी बाईचे केस वाटून सहा प्रयोगशाळांना दिले. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत दहा पटींहून जास्त फरक निघाला. ‘सामान्य’ कशाला म्हणायचे याचे मापही प्रत्येकीचे वेगळे होते, आणि आहाराचे सल्ले परस्परविरोधी होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या विषद्रव्य-नोंदणी संस्थेने अटलांटात तज्ज्ञांची बैठक घेतली. मिथाइल-पाऱ्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केसातल्या आकड्यावरून आजाराचे भाकीत करण्याइतकी माहिती हाताशी नाही, असा तिचा निष्कर्ष होता. संदर्भमापाचा प्रश्न माडिया गोंड मुलीच्या बाबतीत आणखी टोकदार होतो. तिचा आहार, पाणी, तेल, ऊन यांतले काहीच त्या शहरी ग्राहकांसारखे नसते ज्यांच्या केसांवरून ‘सामान्य’ पट्टा आखला गेला.

आता खर्च. यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते. त्याला सतत आर्गॉन वायू लागतो, अतिशुद्ध आम्ल लागते, धूळमुक्त खोली लागते. म्हणून एकट्या माणसाच्या पूर्ण तक्त्याला काही हजार रुपये पडतात. तीन हजार धरले, तर २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या ३१२ रुपये मजुरीने ते जवळपास दहा दिवसांचे काम होते. तेंदूपत्त्याच्या हंगामातले दहा दिवस म्हणजे घरातल्या कित्येक महिन्यांचा मीठ-मिरचीचा आधार. आणि खर्च तिथे थांबत नाही. अहवालासोबत पूरक गोळ्यांचा सल्ला येतो, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी येते. कधी ‘धातू बाहेर काढण्याच्या’ चिलेशन उपचाराकडेही बोट दाखवले जाते. तो उपचार खऱ्या शिसेबाधेत जीव वाचवतो, पण तो औषधच आहे, आणि चुकीचे औषध दिले गेल्याने २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या एका मुलाचा रक्तातले कॅल्शियम अचानक घसरून मृत्यू झाला. दुसरीकडे, महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची चाचणी तिथे होते. शिशाचा संशय असेल तर रक्तातले शिसे ही एकच भरवशाची तपासणी. तिची किंमत पूर्ण केस-तक्त्याहून कमी पडते आणि तिच्या आकड्याचा अर्थ जगभर एकच असतो.

केस-तपासणी स्वस्त होते ती समूहासाठी, एका धातूपुरती. फक्त पारा मोजणारे यंत्र केसाचे काही मिलिग्रॅम तुकडे थेट जाळून काही मिनिटांत आकडा देते. आम्लात विरघळवण्याची गरज पडत नाही. एका गावातले पन्नास नमुने अशा यंत्रावर एका दिवसात होऊ शकतात. पैसा आणि श्रम त्यात लावणे योग्य आहे, कारण त्यातून त्या गावच्या तळ्याबद्दल काही तरी ठरवता येते.

अशा सर्वेक्षणात नमुना घेण्याची रीत निकालाइतकीच महत्त्वाची असते. केस डोक्याच्या मागच्या बाजूचा, मानेच्या वरचा घेतात, कारण तिथली वाढ सर्वांत एकसारखी असते. स्टेनलेस स्टीलच्या कात्रीने टाळूला लागून पेन्सिलीइतकी जाड बट कापतात, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधतात, म्हणजे नंतर कोणते टोक ताजे हे कळते. मुळाकडचे तीन सेंटिमीटर पुरतात. कलप, मेंदी, शेंदूर, शाम्पू, न्हाण्याचे पाणी, आठवड्यात किती वेळा मासे, कामाची जागा, हे सारे त्याच वेळी पाकिटावर लिहितात. त्याच घरच्या पाण्याचा नमुनाही सोबत घेतात. प्रयोगशाळेला प्रमाणित संदर्भ-केस आणि एकाच माणसाचे दोन नमुने, नाव न सांगता, मधेच घालून पाठवतात. ते दोन जुळले नाहीत तर बाकीच्यांवर विश्वास ठेवत नाहीत.

आणि केस मागायच्या आधी बोलावे लागते. कापलेला केस परक्याच्या हाती जाऊ नये, त्यावर करणी होते, ही समजूत अनेक गावांत आहे. तिला हसून काम होत नाही. केस कुठे जाणार, त्याचे काय होणार, उरलेला परत मिळेल की जाळला जाईल, हे गावाच्या बैठकीत, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून सांगावे लागते, आणि जे सांगितले ते पाळावे लागते. निकालाचा कागदही त्याच बैठकीत, त्याच भाषेत, घराघराला परत यावा लागतो. नमुन्याचा अर्धा भाग कोरड्या पाकिटात जपून ठेवलेला असतो, म्हणजे कोणाला आकड्यावर शंका आली तर तो दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासता येतो.